मुलीच्या वैद्यकीय अर्जातले एक उत्तर

गेल्या नोव्हेंबरमध्ये, एका बुधवारी सकाळी, माझ्या मुलीने हवाई वाहतुकीच्या नियामक कार्यालयाला ईमेल करून कळवले की तिच्या वैद्यकीय अर्जातले एक उत्तर खोटे आहे. त्या दिवशी तिच्या लॉगबुकमध्ये एकशे एकतीस तासांच्या उड्डाणाची नोंद होती. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. ईमेल पाठवून झाल्यावर तिने फ्लाइंग स्कूलच्या मुख्य प्रशिक्षकालाही तेच सांगितले. त्याने तिचे दुपारचे उड्डाण रद्द केले.

ते उत्तर मी भरले होते.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, पॉइंट कुकमध्ये राहतो. पुण्याहून आलो तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. पुण्यात मी एका दैनिकात नऊ वर्षे उपसंपादक होते. इथे कौन्सिलच्या लायब्ररीत काम करते. नवरा इंजिनिअर आहे. सकाळी गाडीने स्टेशनपर्यंत जातो, तिथून ट्रेनने शहरात. घरातल्या कामांची वाटणी पहिल्या वर्षीच झाली. गाडी, बँक आणि बाग त्याच्याकडे, फॉर्म माझ्याकडे. व्हिसाचे, पीआरचे म्हणजे कायम वास्तव्याचे, शाळेचे, नागरिकत्वाचे, सगळे फॉर्म मी भरले. ओळखीतल्या चार-पाच कुटुंबांचेही भरले. लोक संध्याकाळी फाइल घेऊन यायचे, सोबत डब्यात काहीतरी करून आणायचे.

या कामातून मी एक गोष्ट शिकले आणि इतरांनाही शिकवत आले. आरोग्याच्या पानावर ‘हो’ला टिक केली की त्याखाली नवा चौकोन उघडतो. चौकोनात तपशील मागतात, तपशिलाला रिपोर्ट मागतात, रिपोर्टवर आणखी कोणाचे तरी मत मागतात. ‘नाही’खाली काहीही उघडत नाही. सासूबाई पहिल्यांदा इकडे यायच्या होत्या तेव्हा त्यांच्या फॉर्मवर क्षयरोगाबद्दलचा प्रश्न होता. त्यांना तो विशीत होऊन गेला होता, पूर्ण बराही झाला होता. मी ‘नाही’ला टिक केली. व्हिसा अकरा दिवसांत आला. पुढे बऱ्याच जणांना मी हा किस्सा सांगितला, हसत हसत, आपली हुशारी म्हणून.

बारावीनंतर मुलगी हवाई दलात गेली, विमानांच्या दुरुस्तीची तंत्रज्ञ म्हणून. तिने युनिव्हर्सिटीत जावे अशी आमची इच्छा होती. ती सात वर्षे नोकरीत होती, त्यातली शेवटची तीन क्वीन्सलंडमधल्या एका तळावर. तिथल्या हँगरमध्ये तिच्या शेजारी काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ बाईचा हात यंत्रात सापडला आणि मनगटापासून गेला. चौकशी झाली. चौकशीत माझ्या मुलीची काही चूक निघाली नाही. त्यानंतर तिची झोप गेली. जेवण कमी झाले. कामावर जाताना ती तळाच्या फाटकाबाहेर गाडी उभी करून अर्धा-पाऊण तास आतच बसून राहायची. हे मला तेव्हा माहीत नव्हते. रविवारच्या फोनवर ती म्हणायची, “ऑल गुड, आई. तू जेवलीस का?”

पाठीचे दुखणे आणि डाव्या कानाने कमी ऐकू येणे आधीपासून होते. अपघातानंतरच्या वर्षी तिला वैद्यकीय कारणावरून सेवेतून मुक्त करण्यात आले. कागदावर तीन कारणे होती. पाठ, कान आणि तिसरे नैराश्य. ती घरी आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि सरकारी हिशेबात माजी सैनिक होती.

आमच्या शेजारच्या मराठी घरातले काका या शब्दावर खूश झाले. “माजी सैनिक? अगं, माजी सैनिक म्हणजे बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टुलावर बसलेले मिशीवाले आजोबा!”

मुलगी म्हणाली, “काका, बंदूक नको. स्टूल मात्र द्या, पाठ दुखते.”

सगळे हसले. ओळखीच्या लोकांना मी तोपर्यंत सांगून मोकळी झाले होते की तिने पुढे शिकण्यासाठी नोकरी सोडली. मी असे सांगते आहे हे तिला माहीत नव्हते. त्याच सुमारास सिडनीहून, कॅसल हिलच्या एका डॉक्टर कुटुंबाकडून तिच्यासाठी विचारणा आली. मुलाची आई फोनवर म्हणाली, “तब्येत वगैरे ठणठणीतच असणार, नाही का? सैन्यातली म्हणजे काय प्रश्नच नाही.” मी म्हणाले, “प्रश्नच नाही.” मुलीने त्या मुलाला एकदाही फोन केला नाही, त्यामुळे ते स्थळ तिथेच थांबले. मी दिलेले उत्तर मात्र देऊन झाले होते.

त्या काळात ती एका सायकॉलॉजिस्टकडे जात होती आणि गोळ्या घेत होती. आठ महिन्यांनी डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या. ती झोपू लागली. सकाळी उठून समुद्राकडे चालायला जाऊ लागली. एकदा परत आली आणि चपला काढता काढता म्हणाली, “आई, मला विमान चालवायला शिकायचंय. नोकरी म्हणून.”

माजी सैनिकांच्या खात्याकडे पुनर्वसनाची सोय असते. सेवेत झालेल्या दुखापतीमुळे जुने काम करता येत नसेल, तर नव्या कामाच्या शिक्षणाचा खर्च खाते उचलू शकते. प्रत्येकाला मिळतेच असे नाही. हे काम याला झेपेल, यातून नोकरी मिळेल, हे पटवून द्यावे लागते. तिच्या प्रकरणासाठी खात्याने नेमलेली सल्लागार बाई आमच्या घरी आली. पन्नाशीची, शांत, पायात चालायचे बूट. तिने मुलीला विचारले, “पायलटच का?”

मुलगी इंग्रजीत म्हणाली, “सात वर्षं मी विमानं दुरुस्त करून दुसऱ्यांच्या ताब्यात दिली. ती माझ्या सहीवर उडाली. वजन उचलायचं काम माझी पाठ आता करू देणार नाही. पण विमान मला आतून-बाहेरून माहीत आहे.”

बाईने ते लिहून घेतले. मग म्हणाली, “दोन गोष्टी आहेत. व्यावसायिक पायलटला लागतं ते क्लास वन मेडिकल आधी मिळव, त्याशिवाय खातं पुढे जाणार नाही. आणि एव्हिएशन डॉक्टरला सगळं सांग. आमची फाइल त्यांच्याकडे जात नाही, म्हणून तुलाच सांगावं लागेल.”

मी टेबलावर चहा आणि चकल्या ठेवत होते. दोन्ही वाक्ये मी ऐकली. फाइल तिकडे जात नाही, एवढे मी लक्षात ठेवले.

मेडिकलचा अर्ज ऑनलाइन होता. डॉक्टरकडे जाण्याआधी उमेदवाराने आपला आरोग्याचा इतिहास स्वतः भरायचा, मग डॉक्टर तो समोर ठेवून तपासणी करतात. डिसेंबरमधल्या एका रविवारी दुपारी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. नवरा बाहेर लॉन कापत होता. लॅपटॉप माझ्यासमोर होता, कारण घरात कोणताही फॉर्म निघाला की लॅपटॉप माझ्यासमोर यायचा. मुलगी शेजारी पाय वर घेऊन बसली होती आणि कलिंगड खात होती.

पाठ लिहिली. कान लिहिला. दोन्हींचे रिपोर्ट जोडले. मग मनाच्या आजारांचा प्रश्न आला. नैराश्य, चिंता, इतर काही, त्यासाठी घेतलेले उपचार.

ती म्हणाली, “इथे सायकॉलॉजिस्टचं लिहायचं.”

मी विचारले, “गोळ्या बंद होऊन किती दिवस झाले?”

“अकरा महिने.”

“मग आता काही आहे का तुला?”

“आता नाही. पण प्रश्न ‘एव्हर’ असा आहे, आई. कधीही.”

“कधीही म्हणजे काय, लहानपणी गोवर आला तोही लिहायचा? ‘हो’ केलंस की दहा कागद मागतील. वर्ष जाईल. तोवर खात्याचं मन बदलेल.”

“खात्याला सगळं माहीतच आहे ना पण.”

“खातं वेगळं, हे ऑफिस वेगळं. ती बाई काय म्हणाली? फाइल जात नाही.”

“शी सेड टेल देम एव्हरीथिंग.”

“तिला म्हणायला काय जातं? एकदा तिथे लिहिलंस की ते आयुष्यभर राहतं. उद्या नोकरीला विचारतील, परवा लग्नात विचारतील.”

तिने कलिंगडाची साल ताटलीत ठेवली. “लग्नात फ्लाइंगचा मेडिकल फॉर्म कोण बघतं, आई?”

“लोक काय काय बघतात तुला माहीत नाही.”

तिने स्क्रीनवरचा प्रश्न पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, “आर यू शुअर?”

मी म्हणाले, “वीस वर्षं फॉर्म भरतेय. एकही परत आलेला नाही.”

मी ‘नाही’ला टिक केली. पुढे औषधांचा प्रश्न होता, तिथेही चौकोन रिकामा ठेवला. शेवटच्या पानावर घोषणा होती. वरील माहिती खरी आणि पूर्ण आहे, खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे, वगैरे. तिथे पोहोचल्यावर मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि म्हणाले, “ही तूच कर, तुझं नाव आहे.” घोषणेवरची टिक तिने केली.

लॅपटॉप का वळवला हे मला तेव्हाही माहीत होते.

दैनिकात असताना मजकूर कापणे हेच माझे काम होते. बातमीतली कोणती ओळ गेली तर बातमी उभी राहते आणि कोणती गेली तर खोटी ठरते, हे मला कळत असे. कोणी सांगायची गरज पडत नसे. त्या दुपारी मी कापलेली ओळ दुसऱ्या प्रकारची होती. वेळ वाचेल हे कारण मी तिला दिले, स्वतःलाही दिले. खरे कारण असे की तिने नोकरी स्वतःहून सोडली हे मी पन्नासएक लोकांना सांगून बसले होते. तिचा आजार कुठल्याही कागदावर, कुठल्याही कार्यालयात राहू नये, असे मला वाटत होते.

एव्हिएशन डॉक्टरने तिची पाठ तपासली, कानाची चाचणी घेतली, डोळे पाहिले. शेवटी विचारले, आणखी काही सांगायचे आहे का. ती नाही म्हणाली. तीन आठवड्यांत प्रमाणपत्र आले. जानेवारीत खात्याने प्रशिक्षण मंजूर केले आणि फेब्रुवारीत ती मेलबर्नबाहेरच्या एका छोट्या विमानतळावरच्या शाळेत जाऊ लागली. तिथून जवळच तिने खोली घेतली. शनिवार-रविवारी घरी यायची, गॅरेजच्या भिंतीवर नकाशे चिकटवायची, वडिलांना वाऱ्याची गणिते घालायची. त्याची चुकली की म्हणायची, “बाबा, तुम्ही आत्ता टास्मानियात उतरलात.”

तिने पहिल्यांदा एकटीने विमान नेले त्या दिवशी आम्ही दोघे कुंपणाशी उभे होतो. विमान एक फेरी मारून खाली आले. नऊ-दहा मिनिटांचे काम होते. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर अंगावर बादलीभर पाणी ओतायची तिथे पद्धत आहे. तिच्यावर दोन बादल्या ओतल्या. ती तशीच निथळत कुंपणाकडे धावत आली. “बघितलंस? आई, बघितलंस ना?” नवऱ्याने चष्मा काढून पुसला. मी मनात म्हणाले, बघ, मी बरोबर होते.

सप्टेंबरमध्ये आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मंडळाचे बातमीपत्र आणि कार्यक्रमाचे निवेदन मीच लिहिते. त्या वर्षी गुणवंतांच्या सत्कारात मुलीचे नाव होते. मी लिहिले होते: ‘हवाई दलातील सात वर्षांची सेवा स्वेच्छेने पूर्ण करून आता व्यावसायिक वैमानिक होण्याच्या मार्गावर असलेली आपल्या मंडळाची कन्या.’ निवेदिकेने ते माइकवर वाचले. मुलीने शाल घेतली, नारळ घेतला, फोटो काढून झाला. खाली आल्यावर एक बाई तिचा हात धरून म्हणाल्या, “मजा आहे बाई तुझी, सरकारच्या खर्चाने उडतेस! आमच्या पोराला सांग ना कुठे भरायचा तो फॉर्म.” तिच्या आईला विचारा, असे कोणीतरी मागून म्हणाले.

परतताना गाडीत ती मागच्या सीटवर होती. नारळ मांडीवर होता.

“आई, ते स्वेच्छेने तू लिहिलंस?”

“मंडळाच्या कार्यक्रमात आणखी काय लिहायचं?”

“मला काढलं त्यांनी. मेडिकली डिस्चार्ज्ड.”

“ते सगळ्यांना सांगायची काय गरज आहे?”

“सांगायची गरज नाही. उलटं सांगायची काय गरज होती?”

नवरा गाडी चालवत होता. तो म्हणाला, “घरी जाऊन बोलू.” घरी जाऊन कोणी बोलले नाही. त्यानंतर तिचे शनिवार-रविवार कमी झाले. अभ्यास आहे म्हणायची, आणि अभ्यास होताही.

नोव्हेंबरमधल्या त्या बुधवारी मी लायब्ररीत परत आलेली पुस्तके ट्रॉलीवर लावत होते. दुपारी तिचा फोन आला. मी मागच्या खोलीत जाऊन घेतला.

“आई, मी आज एक ईमेल पाठवला. मेडिकलचा. त्या उत्तराबद्दल.”

मी विचारले, “कोणी काही विचारलं का तुला?”

“नाही. कोणी काही विचारलं नाही.”

“मग कशाला?”

तिने सांगितले. तिच्या वर्गात लष्करातून आलेला एक चाळिशीचा माणूस होता. त्याचाही खर्च तेच खाते करत होते. आदल्या दिवशी दोघे हँगरबाहेर सँडविच खात बसले असताना त्याने सहज सांगितले की त्याला सहा महिन्यांचा डॉक्टरी रिपोर्ट पाठवायचा आहे. कसला रिपोर्ट, असे तिने विचारले. तो म्हणाला, डोक्याचा.

“त्याने सगळं लिहिलं होतं, आई. पहिल्याच अर्जात. हॉस्पिटलमध्ये होता तेसुद्धा. त्याला चार महिने थांबावं लागलं. फोर मन्थ्स. मग दिलं त्यांनी. दर सहा महिन्यांनी रिपोर्ट द्यायचा, दॅट्स इट.”

“प्रत्येकाची केस वेगळी असते.”

“हो. माझी काय झाली असती ते आता कळणार नाही.”

मी खोलीचे दार लावून घेतले. ती बोलत होती. रोज सकाळी उड्डाणाआधी विद्यार्थ्याला एका कागदावर सही करावी लागते. झोप झाली का, औषध घेतले का, ताण आहे का, आजारी आहेस का. हवाई दलातही तिचे तेच होते. केलेल्या कामावरच सही करायची, एक पाना सापडला नाही तर तो सापडेपर्यंत विमान जागचे हलत नसे. “मी नऊ महिने रोज त्या कागदावर खरी सही करतेय,” ती म्हणाली, “आणि ज्या सर्टिफिकेटवर बसतेय ते खोटं आहे. काल त्याच्या समोर मी सँडविच खाऊ शकले नाही.”

“मी कळवते त्यांना,” मी म्हणाले. “फॉर्म मी भरला असं लिहून देते. सगळं माझ्यावर घेते.”

“टिक मी केली होती, आई.”

मग ती म्हणाली, मला क्लासला जायचंय, आणि फोन ठेवला. क्लास नव्हता. उड्डाण रद्द झाल्यावर तिच्याकडे त्या दुपारी काहीच नव्हते, हे मला नंतर कळले.

आठवड्याभरात तिचे वैद्यकीय प्रमाणपत्र स्थगित झाल्याचे पत्र आले. तिला एका मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन रिपोर्ट द्यायला सांगितले. सल्लागार बाईने खात्यातर्फे तिची योजना थांबवून ठेवली. प्रमाणपत्राशिवाय उड्डाण नाही, आणि उड्डाण नसताना शाळेत नाव ठेवून उपयोग नव्हता. बाईचा फोन आला तेव्हा मुलगी घरी होती. फोन स्पीकरवर होता. बाईने विचारले, “मी तुला सांगितलं होतं, आठवतं?” मुलगी म्हणाली, “हो, आठवतं.” त्या वेळी खोलीत आणखी कोण होते, हे तिने बाईला सांगितले नाही. मी ओट्याशी उभी होते. मीही सांगितले नाही.

दोन दिवसांनी मी नियामक कार्यालयाला ईमेल लिहिला. मुलीला विचारले नाही. चार परिच्छेद होते. ते उत्तर मी भरले, माझ्या सांगण्यावरून तिने सही केली, तिला खरे लिहायचे होते, माझे नाव, माझा फोन. उत्तर लगेच आले. अर्जदाराच्या फाइलबद्दल आम्ही तिऱ्हाईत व्यक्तीशी बोलू शकत नाही, असे त्यात होते. त्याची एक प्रत नियमाप्रमाणे अर्जदाराला गेली.

मुलीने संध्याकाळी फोन केला. आवाज चढलेला नव्हता. “आई, प्लीज. यापुढे माझ्यासाठी काहीही लिहू नकोस. एक ओळसुद्धा नको.”

मी बरे म्हणाले.

डिसेंबरात तिने खोली सोडली नाही, घरी परत आली नाही. त्याच विमानतळावर एका दुरुस्तीच्या कंपनीत तिला कागदपत्रे सांभाळायचे काम मिळाले. सुटे भाग कधी आले, कोणत्या विमानाला लागले, कोणी लावले याच्या नोंदी. वजन उचलावे लागत नाही. तिच्या टेबलाला खिडकी आहे आणि खिडकीतून धावपट्टी दिसते, असे नवरा सांगतो. तो महिन्यातून दोनदा तिला जेवायला घेऊन जातो. मला त्याने दोनदा विचारले, येतेस का. तिने बोलावले आहे का, असे मी विचारले. तो म्हणाला, “तसं काही बोलली नाही.” मी गेले नाही.

सत्काराच्या दिवशी तिचा हात धरणाऱ्या बाई फेब्रुवारीत मला भारतीय दुकानात भेटल्या. कोथिंबीर निवडत होत्या. “काय गं, आपली पायलटबाई काय म्हणते? झाली का परीक्षा?”

मी म्हणाले, “चालू आहे. जरा लांबलंय.”

“हवामानामुळे असेल.”

“हो,” मी म्हणाले, “हवामानामुळेच.”

मुलीने खरे सांगून तेव्हा तीन महिने झाले होते. तिच्याबद्दलचे सगळे कागद एव्हाना खरे होते. हे उत्तर द्यायला मला कोणी भाग पाडले नव्हते आणि त्याने कोणाचा वेळही वाचणार नव्हता. घरी आल्यावर मी नवऱ्याला हे सांगितले. तो टीव्ही बघत होता. त्याने आवाज कमी केला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “तिला सांगू नकोस.” मग आवाज पुन्हा वाढवला. आजवर सांगितलेले नाही.

मानसोपचारतज्ज्ञाचा रिपोर्ट मार्चमध्ये गेला. निर्णय मे महिन्यात आला. प्रमाणपत्र रद्द करण्यात आले. पत्र दोन पानांचे होते. रिपोर्ट समाधानकारक आहे, आजार पूर्ण बरा झालेला दिसतो, अशी नोंद पहिल्या पानावर होती. रद्द करण्याचे कारण दुसऱ्या पानावर होते. अर्जदाराने थेट विचारलेल्या प्रश्नाला जाणूनबुजून चुकीचे उत्तर दिले. अर्जदाराने ते स्वतःहून कळवले, याचीही नोंद घेतली होती. बारा महिन्यांनंतर नवा अर्ज करता येईल. त्याच आठवड्यात खात्याने वैमानिक प्रशिक्षणाची योजना बंद केली आणि दुसऱ्या एखाद्या शिक्षणाचा प्रस्ताव मागवला.

पत्र तिला सोमवारी मिळाले. तिने ते त्याच दिवशी वडिलांना पाठवले. मला त्याने गुरुवारी, कामावरून आल्यावर सांगितले.